तीस युरोची बाटली आणि वीस वर्षांचं मुरणं

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, किंवा ऑफिसात हेडफोन घातला की बॉस डोळे वटारतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे कसं' काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विषय वाइनचा आहे. घेत नसाल तर हा भाग ऐकून घ्यायला लागा असं माझं काहीच म्हणणं नाही. पण जाणकार लोक एखाद्या गोष्टीला मार्क देतात तेव्हा ते नेमकं काय सांगत असतात, हा प्रश्न सिनेमाच्या रिव्ह्यूपासून मोबाइलच्या रिव्ह्यूपर्यंत सगळीकडे आहे. वाइनमध्ये तो जरा जास्तच गमतीशीर होतो.

झालं असं, की माझी मावसबहीण फ्रान्समध्ये लियाँला राहते. २०१० साली तिला मुलगी झाली. तिकडे बऱ्याच घरांत एक रीत आहे: मूल जन्मलं त्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन घेऊन ठेवायची आणि ते अठरा वर्षांचं झालं की उघडायची. भावोजींनी हौसेने सहा बाटल्यांची लाकडी पेटी घेतली. शातो सोस्यांदो-माले, साल २०१०. एक बाटली तीस-पस्तीस युरोची. बोर्डो भागातली नावाजलेली वाइन म्हटलं की हा भाव स्वस्तातच जमा होतो.

२०१७ मध्ये मी त्यांच्याकडे गेलो. पाहुणा आला म्हणून त्यातली एक बाटली उघडली. मी आधीच फोनवर वाचून ठेवलं होतं: जबरदस्त, खोल, अमुक मार्क, तमुक मार्क. पहिला घोट घेतला आणि तोंड असं झालं, जशी ओंजळभर जांभळं खाल्ल्यावर जीभ होते. कोरडी, खरखरीत, आखडलेली. फळाची चव कुठेतरी मागे होती, पण समोर यायलाच तयार नाही. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "ताई, तुम्हाला फसवलंय कुणीतरी."

माझ्या त्या एका वाक्याने पुढे काय झालं ते मला परवापरवा कळलं. भावोजींनी उरलेल्या पाच बाटल्या विकायला काढल्या होत्या. गिऱ्हाईक जमलं नाही, एवढ्यासाठी त्या वाचल्या. आणि आता ताईचा मेसेज: "एक जण लिहितो आत्ता प्या, एक जण लिहितो अजून दहा वर्षं थांबा. पोरगी २०२८ मध्ये अठराची होतेय. तू पॉडकास्ट करतोस ना, मग सांग."

तेव्हा मंडळी, हा भाग म्हणजे माझ्या चुकीची भरपाई समजा.

आधी ही वाइन कुठली

बोर्डो शहराच्या उत्तरेला जिरोंद नावाचं रुंद खाडीसारखं पात्र आहे. त्याच्या डाव्या काठाला जी लांबट पट्टी पसरलीय ती मेदोक. जगातल्या सगळ्यात महागड्या लाल वाइन्सपैकी कित्येक याच पट्टीतून येतात. लाफीत, लातूर, मार्गो, मुतों ही नावं तुम्ही कुठेतरी ऐकली असतील. शातो म्हणजे खरं तर गढी किंवा वाडा, पण इथे तो शब्द वाइन बनवणाऱ्या इस्टेटीसाठी वापरतात. काही शातो खरोखर राजवाड्यासारखे दिसतात, काही आपल्या शेतातल्या घरासारखे.

मेदोकमधली सँतेस्तेफची प्रसिद्ध वस्ती ओलांडून आणखी उत्तरेला गेलं की सँ-सरँ-द-कादूर्न नावाचं गाव लागतं. तिथे नदीकाठी गोट्यागोट्यांचं एक टेकाड आहे, खाली चिकणमाती. वर गोटे असल्यामुळे पाणी साचत नाही, खाली माती असल्यामुळे उन्हाळ्यात मुळांना ओल मिळते. नदी जवळ असल्यामुळे वसंतातल्या हिमतुषाराचा मारा थोडा कमी. मेदोकमध्ये जुनी समजूत आहे की उत्तम वेलीला नदी दिसली पाहिजे. इथल्या वेलींना ती अगदी समोर दिसते.

१९६९ साली झाँ गोत्रो नावाचा वाइनचा व्यापारी एका बेल्जियन गिऱ्हाइकासाठी इस्टेट शोधत इथे आला. इमारत पडीक, वेल जेमतेम पाच हेक्टर. पण टेकाडावरून नदी बघितली आणि गिऱ्हाइकाला विसरून त्याने ती स्वतःच घेतली. (दलालाने स्वतःच फ्लॅट घेऊन टाकावा तसं.) पुढची पन्नास वर्षं त्याने तीच जमीन वाढवली, सुधारली. २०१९ मध्ये तो वारला. तोवर ती काही हेक्टरांची पडीक बाग मोठी इस्टेट झाली होती आणि तिची वाइन जगभर माहीत झाली होती.

नाशिक, सांगलीकडच्या मंडळींना एक तपशील सांगतो, तुम्हाला लगेच कळेल. आपल्याकडे खायच्या द्राक्षांच्या मांडवात एकरी साधारण हजाराच्या आसपास वेल असतात. इथे हेक्टरी आठ हजारांहून जास्त, म्हणजे एकरी तीन हजारांच्या वर. वेल बुटके, एकमेकांना चिकटून, मुळांना खोल जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दुसरी गंमत: आपण जशी घडांची विरळणी करतो, तशी बोर्डोतही उन्हाळ्यात कच्चे घड कापून टाकायची पद्धत गेल्या काही दशकांत रुळली. घड कमी, म्हणजे उरलेले जास्त दाट, जास्त पिकलेले. समीक्षकांना ते आवडायचं. गोत्रोला ती कल्पनाच पटत नव्हती. वेलीला सुरुवातीपासून नीट वाढवलं तर मग कापायची वेळ का यावी, असा त्याचा सूर. बाकीचे फॅशनमागे धावत असताना हा गृहस्थ आपल्या जागी ठाम.

मग ती स्वस्त का

याचं उत्तर १८५५ मध्ये आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनला बोर्डोच्या वाइन्स दर्जाप्रमाणे मांडायच्या होत्या. बोर्डोच्या दलालांनी यादी केली, पाच दर्जांची. निकष काय? चव घेऊन मार्क वगैरे काही नाही. कुठल्या शातोच्या वाइनला बाजारात वर्षानुवर्षं काय भाव मिळतो, एवढाच. ती यादी आजही चालू आहे. लाल वाइनच्या यादीत आज ६१ शातो आहेत. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि त्यात वरच्या दर्जात बढती मिळाली ती फक्त एकाला: मुतोंला, १९७३ मध्ये.

म्हणजे बघा, मालक बदलले, जमिनी बदलल्या, बनवणारे बदलले, पण बाटलीवरचा दर्जा तोच. आपल्याकडे 'आमचे पणजोबा इनामदार होते' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

सोस्यांदो-माले त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या चांगल्या शातोंसाठी 'क्रू बुर्जुआ' नावाची वेगळी पंगत आहे. २००३ मध्ये तिची नव्याने वर्गवारी झाली. ४९० अर्ज आले, २४७ निवडले, त्यातले फक्त नऊ सर्वोच्च श्रेणीत. सोस्यांदोने अर्जच केला नाही. यादीवरून इतके वाद झाले, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००७ मध्ये ती वर्गवारीच रद्द झाली. गोत्रो तोवर निवांत होता. त्याच्या बाटलीवर ना पहिला दर्जा, ना पाचवा, ना बुर्जुआ. नुसतं नाव आणि ओ-मेदोक हा भाग.

आता लेबलवर दर्जा नाही, तर गिऱ्हाइकाला कळणार कसं? इथे समीक्षक कामाला येतात. खरं सांगायचं तर लाफीतला समीक्षकाची फारशी गरज नाही. ती विकली जातेच. समीक्षकाची खरी गरज असते अशा बाटलीला, जिच्यामागे पदवी नाही.

जाणकार काय म्हणतात

सगळ्यात वजनदार नाव रॉबर्ट पार्कर. अमेरिकेतला वकील. १९७८ मध्ये त्याने वाइनवर स्वतःचं पत्रक काढलं आणि शाळेसारखी १०० मार्कांची पद्धत लोकप्रिय केली. १९८२ च्या बोर्डोला त्याने सुरुवातीलाच उचलून धरलं, बाकी काही जण साशंक होते. पुढे ते वर्ष खरंच थोर निघालं आणि पार्करचा शब्द बाजारभाव हलवू लागला. या माणसाने सोस्यांदोला फार आधी हेरलं. हे शातो यादीतल्या मातबरांच्या पंक्तीत बसायला हवं, असं त्याचं मत होतं. आता पार्करला पिकलेल्या, दाट, भरगच्च वाइन्स आवडतात हे जगजाहीर आहे. सोस्यांदो तशी नाही. तरी तो तिच्या बाजूने होता, म्हणून त्या मताला मला जास्त वजन वाटतं.

ब्रिटिश समीक्षकांचा कल वेगळा. जॅन्सिस रॉबिन्सनसारखी मंडळी २० पैकी मार्क देतात आणि ताजेपणा, नेमकेपणा, जेवणाबरोबर कशी जाते याकडे जास्त बघतात. त्यांच्याकडून सोस्यांदोबद्दल येणारे शब्द साधारण असे: जुन्या वळणाची, ताठ, गंभीर, घाई न करणारी, आणि किमतीच्या मानाने फार चांगली.

या दोन घराण्यांचं भांडण कसं असतं त्याचं नामी उदाहरण २००४ मधलं आहे. सँतेमिलियोंच्या शातो पावीच्या २००३ सालच्या वाइनवर पार्कर फिदा. रॉबिन्सनबाईंनी तिला २० पैकी १२ दिले. जाहीर खडाजंगी झाली. एकच वाइन, दोघंही आयुष्यभर चाखत आलेले. कोण चूक? कुणीच नाही. एकाला पुरणपोळी तुपात बुडवून आवडते, दुसऱ्याला नुसत्या दुधाबरोबर.

तेव्हा समीक्षकाचे मार्क बघण्याआधी समीक्षक बघा. ज्याच्याशी तुमची आवड दोन-तीनदा जुळली, त्याचं ऐका. त्याचे ८९ तुमच्यासाठी दुसऱ्याच्या ९५ पेक्षा जास्त कामाचे.

सोस्यांदोबद्दलच्या टिपणांत काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. काळ्या मनुकांसारखं एक आंबटगोड फळ, ज्याला ते कासीस म्हणतात. पेन्सिलचं शिसं. देवदाराचं लाकूड. तंबाखूचं पान. आणि 'बंद', 'कडक', 'वेळ हवा'. शेवटचे तीन शब्द मी २०१७ मध्ये वाचले होते आणि सरळ ओलांडून गेलो होतो. मार्क वाचले, बाकी सोडून दिलं. परीक्षेची सवय आपल्याला.

अजून एक शब्द आहे, जिथे समीक्षकांचे तट पडतात: हिरवी. बोर्डोतल्या कॅबर्ने जातीच्या द्राक्षांत पायराझिन नावाचे पदार्थ असतात. तेच ढोबळी मिरचीतही असतात. इतकी सूक्ष्म मात्रा की लिटरमागे ग्रॅमचा काही अब्जांशावा भाग असला तरी नाकाला कळतं. द्राक्ष नीट पिकलं, ऊन मिळालं की ते कमी होतात. सोस्यांदोमध्ये काही थंड वर्षांत हा ढोबळी मिरचीचा, हिरव्या पानाचा वास जाणवतो. एक समीक्षक लिहितो 'कच्ची राहिली', दुसरा त्याच वासाला 'ताजी, अस्सल मेदोक' म्हणतो. म्हणजे दोघांचं नाक बरोबर, निकाल उलट. तुम्हाला कोथिंबिरीचा वास आवडतो की नाही, यावर वडीचा निकाल लागतो, तसंच.

मुरणं म्हणजे नक्की काय

आता माझ्या जांभळं खाल्लेल्या जिभेकडे येतो.

लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात. सालीतून रंग येतो आणि टॅनिनही. टॅनिन म्हणजे तुरटपणा: सुपारी, कात, कच्चं केळं, जास्त उकळलेला चहा. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, ज्यांच्यामुळे तोंड ओलं, बुळबुळीत राहतं. टॅनिन त्यांना पकडून गोळा करतं, म्हणून तोंड कोरडं होतं. टॅनिन ही चव कमी आणि स्पर्श जास्त.

सोस्यांदोत टॅनिन भरपूर, शिवाय वाइन ओकच्या बहुतांशी नव्या पिंपांत ठेवतात, त्यामुळे लाकडाचं टॅनिन वेगळं. जोडीला आंबटपणा चांगला. हे तिन्ही मिळून वाइनला टिकवतात. पण तरुणपणी हेच तिन्ही समोर उभे राहून दार अडवतात.

बाटलीत बुचातून अगदी थेंबाथेंबाने हवा जाते म्हणा. वर्षं जातात तसं टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांत गुंफले जातात, त्यांची रचना बदलत जाते, काही जड होऊन तळाशी गाळ म्हणून बसतात. रंग जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो. तोंडातली खरखर मऊ होते. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि दुसरं काहीतरी वर येतं: चामडं, सिगारची पेटी, पावसानंतरचा पालापाचोळा, अळंबी. वाचायला विचित्र वाटेल. पण लिंबाचं जुनं काळं लोणचं आठवा. ताज्या लिंबाचा त्यात काय उरतो? तरीही पोट बिघडलं की आजी बरणीच्या तळातलंच काढते. फरक एवढाच, की लोणच्याला मीठ सांभाळतं आणि इथे टॅनिन, आंबटपणा आणि मद्यार्क.

सगळ्याच वाइन अशा मुरत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. बाजारातल्या बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या म्हणूनच केलेल्या असतात. त्या ठेवून दिल्या तर मुरत नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या होतात. मुरायला आधी आत काहीतरी असावं लागतं.

आणि मध्येच एक काळ असा येतो की वाइन मुकी होते. तरुणपणाचं फळ गेलेलं, म्हातारपणाचा सुगंध आलेला नाही. दहावीतल्या पोरासारखी. विचारलं तर उत्तर नाही. २०१० हे बोर्डोचं फार ताकदीचं वर्ष: टॅनिन, आंबटपणा, पिकणं, सगळंच ठासून. त्या वर्षीची सोस्यांदो सात वर्षांची असताना उघडणं म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढायचा प्रयत्न. चूक वाइनची नव्हती, समीक्षकाचीही नव्हती.

जाणकार चुकतात का

चुकतात. आणि हे सांगितलं नाही तर भाग अर्धवट राहील.

बोर्डोच्या वाइनला मार्क कधी पडतात माहितीये? द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडली, की पुढच्या वसंतात. वाइन अजून पिंपात, शेवटचं मिश्रणसुद्धा पक्कं नसतं. समीक्षक एका दिवसात कितीतरी नमुने चाखतात आणि त्यावरून पंचवीस वर्षांनंतरचं भाकीत करतात. म्हणून प्रामाणिक समीक्षक तेव्हा एक आकडा न देता ९० ते ९२ असा पट्टा देतात. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराकडे बघून 'हा कलेक्टर होणार' म्हणण्यापेक्षा हे थोडंच बरं.

कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः छोटी वाइनरी चालवायचा, तिथल्या राज्य प्रदर्शनातल्या परीक्षकांची परीक्षा घेतली. एकाच बाटलीतली वाइन, परीक्षकांना न सांगता, तीनदा समोर ठेवली. २००८ मध्ये निष्कर्ष छापले: त्याच परीक्षकाचे त्याच वाइनला मार्क साधारण चार इकडे, चार तिकडे हलत होते. सातत्य राखणारे दहातला एखादाच. म्हणजे ९० आणि ९३ मधल्या फरकावर भांडणारे आपण कशावर भांडतो, ते कळलं ना?

बोर्डोमध्येच २००१ साली आलेला एक अभ्यास आणखी वर ताण आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, तिच्यात वास नसलेला लाल रंग घालून. पोरांनी वर्णन केलं लाल वाइनच्या शब्दांत. डोळ्याने नाकाला सांगितलं, नाकाने ऐकलं.

आणि टिकण्याच्या भाकिताबद्दल तर १९७६ चं पॅरिस आहेच. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकून चाखायला लावलं. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. नंतर फ्रेंच बाजूचं म्हणणं असं पडलं, की आमच्या वाइन तरुणपणी खुलत नाहीत, त्यांना काळ द्या. मग २००६ मध्ये, तीस वर्षांनी, त्याच वाइन पुन्हा झाकून चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या.

हे सगळं ऐकून 'मग सगळं थोतांड' म्हणणारे मित्र माझ्याकडे भरपूर आहेत. मला ते पटत नाही. एका दिवसाच्या एका चवीचे मार्क डळमळीत असतात, हे खरं. पण सोस्यांदोबद्दल एकच गोष्ट तीन-चार दशकं वेगवेगळ्या आवडीचे लोक, वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या, तरुण आणि जुन्या दोन्ही चाखून लिहित आलेत: सुरुवातीला कठीण, मग उदार. अशी साक्ष मार्कांपेक्षा भरवशाची. आणि त्यातही एकट्या समीक्षकाने स्वतःच्या जुन्या टिपणावर दहा वर्षांनी परत येऊन 'मी तेव्हा कमी लेखलं होतं' किंवा 'जास्त वाहवलो होतो' असं लिहिलं असेल, तर ते आधी वाचा.

उलट अॅपवरच्या ताऱ्यांचं बघा. बाटलीचा फोटो काढला की सरासरी दिसते. छान आहे, मीही वापरतो. पण लोक बाटली आणतात आणि त्याच शनिवारी उघडतात. मग गोड, मऊ, लगेच खुलणाऱ्या वाइनला तारे जास्त आणि हळू मुरणाऱ्या वाइनला कमी पडणार. माझ्यासारख्याच कुणीतरी २०१७ मध्ये जांभळं खाल्ल्यासारखं तोंड करून तीन तारे दिलेले असणार. मी खरंच दिले होते. परवा जाऊन काढून टाकले.

'परवडणारी' कुणाला

इथे जरा थांबू या, कारण आता कमेंटमध्ये विचारणारच: दादा, पुण्यात मिळते का? तीस युरो म्हणजे तीन हजारांच्या आसपास, चालतंय की.

चालत नाही. आपल्याकडे परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं भरमसाट आयात शुल्क, वर राज्याचे कर, वर मधल्या सगळ्यांचा नफा. तीस युरोत कौतुकाची वाटलेली वस्तू इथे पोचेस्तोवर कौतुक करण्यासारखी राहत नाही. समीक्षक 'किमतीच्या मानाने उत्तम' लिहितो ते त्याच्या गावच्या किमतीला. सँतेस्तेफमधले मोंत्रोज, कोस देस्तुर्नेल हे दुसऱ्या दर्जाचे शेजारी काही किलोमीटरवर, आणि त्यांचा भाव कित्येक पट. त्यांच्या शेजारी ठेवून ही स्वस्त.

दुसरं, आणली तरी ठेवणार कुठे? अशा बाटलीला बारा-चौदा अंश तापमान, अंधार, आणि बूच ओलं राहावं म्हणून आडवी जागा लागते. एप्रिलमध्ये आपल्या वन बीएचकेच्या माळ्यावर ती मुरत नाही, शिजते. नातेवाइकांनी फ्रान्सहून आणली तर सरळ पिऊन टाका, पण दोन-तीन तास आधी उघडून मोठ्या जगमध्ये ओतून ठेवा. हवा लागली की थोडी तरी सैल होते. आणि जेवणात मटण असू द्या. प्रथिनं टॅनिनला गुंतवतात, जीभ वाचते. मिरची मात्र जपून: तिखटाने तुरटपणा दुप्पट बोचतो. पांढऱ्या रश्श्याबरोबर जमेल, तांबड्याबरोबर मी हमी घेणार नाही.

ताईला काय सांगितलं

मी तिला तिच्या बाटलीबद्दल तीन-चार जणांची टिपणं वाचायला लावली, मार्क झाकून. अक्षरशः, अंगठ्याने झाकून. प्रत्येकाने कधी चाखली ते वर्ष लिहायला सांगितलं. पिंपातून चाखून लिहिलेलं एक होतं, ते बाजूला ठेवलं. उरलेल्यांत जे जुनं ते 'बंद, कडक', आणि जे अलीकडचं ते 'उघडायला लागली, पण घाई नाही'. म्हणजे दोघं एकमेकांना खोडत नव्हते. 'आत्ता प्या' म्हणणाऱ्याला फळाचा ताजेपणा हवा होता, 'थांबा' म्हणणाऱ्याला चामडं आणि पालापाचोळा.

मग मी म्हटलं, पाच आहेत ना, एक उघडून बघ. मुलीच्या वाढदिवसाला चार पुरतील.

भावोजी आधी तयार नव्हते. "याच्याच नादाने विकणार होतो," म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण गेल्या रविवारी उघडली. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली, गाळ खाली बसला, हळूच जगमध्ये ओतली, दोन तास तशीच. जेवायला कोकराचं मटण. संध्याकाळी ताईचा व्हॉइस मेसेज आला. तुरट आहे अजून, म्हणाली, पण आता ते चहासारखं आहे, सुपारीसारखं नाही. दुसऱ्या ग्लासात फळ आलं. तिसऱ्यात भावोजी गप्प झाले, आणि ते गप्प होणं म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे.

पोरीला प्यायला दिली नाही, फक्त वास घेऊ दिला. तिने समीक्षकांचं काहीही वाचलेलं नाही. नाक ग्लासात घातलं आणि म्हणाली, "आई, हा तर माझ्या कंपासपेटीचा वास आहे."

चार बाटल्या परत तळघरात गेल्यात. पेटीवर भावोजींनी पेनाने लिहिलंय: २०२८.